छातीचे माप आणि दाराची जबाबदारी

29 ऑक्टोबर 1896 रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. प्लेग नुकताच शहरात शिरला होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा चाळीचाळींतून फिरत होती आणि रुग्णाला सक्तीने हलवण्याच्या सरकारी तडफेने तिला बळ मिळाले होते. लोक दगड घेऊन आले ते भीतीपोटी.

त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत या भीतीला आपण मुख्यतः शिक्षेने उत्तर दिले. 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. 2010 मध्ये महाराष्ट्राने रुग्णसेवकांवरील हल्ल्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड ठरवला. कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, 1897 च्याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंतची कैद आली. मधल्या काळात, मार्च 2017 मध्ये, धुळ्यात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर काम थांबवून बसले आणि सरकारी रुग्णालयांत महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान उभे करण्याचे ठरले. कायदे हवेतच. पण शिक्षा हल्ल्यानंतर होते. हल्ला होण्याआधीची पाच मिनिटे ज्याच्या हातात असतात, त्या दारावरच्या रक्षकाचा विचार आपण फारच थोडा केला.

त्याच्या पात्रतेचे नियम कागदावर आहेत. खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 मध्ये केंद्रीय कायदा झाला. रक्षकाचे वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत हवे, चारित्र्याची पडताळणी झालेली हवी, असे तो सांगतो. त्याखालच्या नमुना नियमांनुसार पुरुषाची उंची 160 आणि स्त्रीची 150 सेंटिमीटर लागते. पुरुषाची छाती 80 सेंटिमीटर, फुगवून चार जास्त. पाय सपाट नकोत, रंगांधळेपणा नको, एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता यावे. शंभर तास वर्गातले आणि साठ तास प्रत्यक्ष मैदानातले प्रशिक्षण. त्यात आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे हे विषय आहेत. अट वाईट नाही. मात्र गोदामाचा, मॉलचा आणि रुग्णालयाचा रक्षक या नियमांत एकच आहे.

रुग्णालयाच्या दारावर शरीराची कसोटी वेगळीच लागते. एक किलोमीटर धावण्याची वेळ क्वचित येते, बारा तास उभे राहण्याची रोज येते. बदली आला नाही की पाळी पुढे लांबते. अपघात विभागात रुग्णाला रिक्षातून उतरवून स्ट्रेचरवर घ्यायला पहिला हात बहुधा त्याचाच लागतो, आणि मान वा कणा दुखावलेल्या माणसाला कसे उचलू नये हे त्याला कुणी शिकवलेले नसते. दारूच्या नशेत किंवा तापाच्या भ्रमात हात उगारणाऱ्याला इजा न करता धरून ठेवणे हे तर कसलेल्या माणसाचे काम. रक्ताशी आणि खोकल्याशी त्याचा संबंध वॉर्डबॉयइतकाच येतो. हिपॅटायटिस बीची लस मात्र त्याला दिली की नाही, हे कंत्राटदारही विचारत नाही आणि रुग्णालयही नाही.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली. अशा वेळी प्राणवायूची झडप कुठे आहे, कोणता दरवाजा बाहेर उघडतो, हलू न शकणारे रुग्ण आधी कुठल्या वाटेने न्यायचे, हे रात्रपाळीच्या रक्षकाला पाठ असायला हवे. आणि चारित्र्य पडताळणीची अट केवळ उपचार ठरू नये, हे कोलकात्याने दाखवले. आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट 2024 मध्ये महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून करणारा माणूस पोलिसांच्या हाताखाली काम करणारा स्वयंसेवक होता. त्याला आवारात कुणी अडवले नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत एकदा मोठे पाऊल उचलले होते. माथाडी कामगारांसाठी 1969 मध्ये झालेल्या कायद्याच्या वाटेने 1981 मध्ये सुरक्षा रक्षकांचा कायदा आला आणि रक्षकांची नोंदणी, वेतन, भविष्य निर्वाह निधी हे सारे त्या कायद्याखालच्या मंडळाच्या हाती आले. रक्षक हा कामगार आहे आणि त्याच्या श्रमाला संरक्षण हवे, हे तेव्हा मान्य झाले. पुढे अनेक संस्थांना सवलती मिळाल्या, कंत्राटे वाढली आणि सर्वांत कमी दराची निविदा हीच पात्रता ठरू लागली.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. रुग्णालयाच्या रक्षकाचे प्रशिक्षण वेगळे असावे, आणि ते त्याच रुग्णालयात, परिचारिका व डॉक्टरांच्या हाताखाली व्हावे. पाळी आठ तासांची असावी. लसीकरण आणि वार्षिक तपासणीचा खर्च रुग्णालयाने उचलावा. प्रसूती आणि स्त्रियांच्या वॉर्डांत, विशेषतः रात्री, महिला रक्षक असाव्यात. घाबरलेल्या नातेवाइकाला चार वाक्यांत खरी माहिती देण्याची मुभा आणि सवय रक्षकाला असावी, कारण माहितीचा दुष्काळ पडला की हात उठतो. याला पैसे लागतील. मारहाणीनंतर बंद पडलेल्या ओपीडीची किंमत गरीब रुग्ण आजही मोजतो आहेच. तो खर्च दारावरच्या माणसावर, वेळेत, करण्याचा निर्णय सरकारने आणि महापालिकांनी घ्यायला हवा.