गुण देणारा हात अनोळखीच बरा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन सूर हमखास ऐकू येतात. पेढे वाटणाऱ्या घरांत परीक्षेविषयी कोणाची काही तक्रार नसते. आणि ज्या घरी अपेक्षेपेक्षा दहा-बारा टक्के कमी पडलेले असतात तिथे, ‘वर्षभराच्या अभ्यासाचा निवाडा तीन तासांत करायचा ही कुठली पद्धत?’ असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. पेपरच्या दिवशी ताप येतो, घरात कोणी आजारी असते, शंभर वेळा सोडवलेले गणित ऐन वेळी आठवत नाही. यावर उपाय म्हणून सुशिक्षित मंडळींकडून एक सूचना वरचेवर पुढे येते. मुलाला वर्षभर जवळून पाहणारे त्याचे शिक्षक असतातच. त्यांनीच त्याची कुवत ओळखून गुण द्यावेत, अंतिम परीक्षा हवीच कशाला?

ऐकायला ही सूचना गोड आहे. शिक्षकाला तर ती सुखावणारीच वाटावी. माझी उभी हयात तालुक्याच्या गावातील एका शाळेत दहावीच्या मुलांना गणित शिकवण्यात गेली. हा पेशा मला प्रिय आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने या सूचनेला माझा ठाम विरोध आहे.

हा नुसता तर्कही नाही. हा प्रयोग आपल्याच राज्यात एकदा करून झाला आहे. करोनाच्या साथीमुळे २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली आणि सुमारे सोळा लाख मुलांचा निकाल शाळांनी तयार केला. शंभरापैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरेंवरून, असे सूत्र ठरले. त्या संकटात दुसरा सोपा मार्ग नव्हता हे मान्यच केले पाहिजे. पण निकाल काय लागला? ९९.९५ टक्के! आदल्या वर्षी तो ९५.३० टक्के होता. नव्वद टक्क्यांच्या वर गेलेली मुले सुमारे ८३ हजारांवरून एक लाखाच्या पुढे गेली, आणि पैकीच्या पैकी, म्हणजे शंभर टक्के मिळवणारे ९५७ निघाले. शाळा बराच काळ बंद, शिकवणे मोबाईलवर, पुष्कळ मुलांकडे धड मोबाईलही नाही, आणि निकाल मात्र राज्याच्या इतिहासात कधी लागला नाही असा!

या गुणांवर शासनाचा तरी कितपत विश्वास होता? जुलैत निकाल जाहीर झाला आणि अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला वेगळी सामायिक परीक्षा घेण्याचे ठरले. उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली म्हणून झाली नाही, एवढेच. एका हाताने गुण द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते पुन्हा तपासायला निघायचे, असा तो प्रकार होता.

सर्वांनाच भरपूर गुण मिळाले, मग कोणाचे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडले ते सांगतो.

आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. नववीत तो सहामाहीपर्यंत जेमतेम शाळेत दिसला, मग आई-वडिलांबरोबर फडावर गेला. दहावीला मात्र आजीपाशी गावात राहिला. ज्याच्याकडे मोबाईल असेल त्याच्या ओट्यावर बसून त्याने धडे ऐकले. भूमितीची प्रमेये तो वहीत पुन्हापुन्हा लिहून काढी आणि मी रस्त्यात भेटलो की वही पुढे करी. परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा इतर मुलांनी आनंद केला. त्याने मला विचारले, ‘सर, आता आम्ही नववीचेच का?’

त्याचा प्रश्न अक्षरशः खरा होता. त्या मुलांची नववीची वार्षिक परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत झालीच नव्हती. नववीचा निकाल लागला तो प्रामुख्याने पहिल्या सत्रावर. म्हणजे २०१९ च्या दिवाळीपूर्वी चौदा वर्षांच्या मुलाने जे पेपर लिहिले, ते आपल्या दहावीच्या निम्म्या गुणांचे आहेत हे त्याला ठाऊकही नव्हते. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती बसली, नियमाप्रमाणे बेरजा झाल्या. मुलगा पास झाला. पण शेवटच्या सहा महिन्यांत त्याने स्वतःत जो पालट घडवला होता, त्याला त्या बेरजेत जागाच नव्हती. उशिरा जागे होणारे मूल हे दर वर्गात असते. अंतिम परीक्षा त्याला म्हणते, ‘काल तू काय होतास ते मला माहीत नाही, आज काय येते ते लिही.’ शिक्षकाच्या अंदाजाला हे म्हणता येत नाही, कारण अंदाज नेहमी कालच्यावरच बांधलेला असतो.

इंग्लंडने केलेला अंदाजाचा खेळ

इंग्लंडमध्ये तर अंदाजाने गुण देणे ही जुनीच रीत आहे. तिथली मुले शाळांत परीक्षेचा निकाल लागण्याआधीच विद्यापीठाकडे अर्ज करतात आणि त्या अर्जावर शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी असतात. हे अंदाज कितपत खरे ठरतात, याचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गिल वाइनेस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. नेमका बरोबर अंदाज अवघ्या १६ टक्के मुलांच्या बाबतीत निघाला. सुमारे पाऊणशे टक्के मुलांना शिक्षकांनी वाजवीपेक्षा जास्त श्रेणी वर्तवल्या होत्या. यात विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. हुशार पण गरीब घरच्या मुलांचा अंदाज कमी वर्तवला जाण्याची शक्यता, तितक्याच हुशार पण सुखवस्तू घरच्या मुलांपेक्षा अधिक आढळली. हे शिक्षक काही दुष्ट नव्हते. परंतु इस्त्रीचे कपडे, सफाईदार बोलणे आणि पालकसभेला वेळेवर हजर असणारे आई-वडील यांचा आपल्या मतावर परिणाम होतच नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा शिक्षक मला तरी अजून भेटलेला नाही.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, इंग्लंडनेही परीक्षा रद्द केल्या आणि शिक्षकांकडून श्रेणी मागवल्या. त्या फार सढळ हाताने दिल्या गेल्या होत्या, आणि त्यांना शाळेचा मागील निकाल पाहून गुण खाली आणणारे गणिती सूत्र लावण्यात आले. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ४० टक्के श्रेणी उतरवल्या गेल्या होत्या. ज्या शाळेचा पूर्वीचा निकाल बेताचा, तिथल्या हुशार मुलाला पूर्वजांचे कर्ज फेडावे लागले. पोरे रस्त्यावर आली आणि चारच दिवसांत सरकारने माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेणी जशाच्या तशा मान्य केल्या. परिणामी वरच्या दोन श्रेणींचे प्रमाण २०१९ मध्ये सुमारे २५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४४ टक्क्यांच्या वर गेले. त्या वर्षी खाजगी शाळांत दहापैकी सात श्रेणी या वरच्या होत्या. सर्वसाधारण सरकारी शाळांत दहापैकी चारही नव्हत्या. परीक्षा पूर्ववत सुरू झाल्यावर २०२३ पर्यंत हे आकडे हळूहळू मूळ पातळीच्या आसपास आले. त्या दोन वर्षांत इंग्लंडची मुले अचानक बुद्धिमान झाली आणि पुढे पुन्हा मंद झाली, असे मानायचे काय?

प्रामाणिकपणाचा दंड

आपल्याकडील वीस गुणांची कथा सर्व शिक्षकांना पाठ आहे. भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेतल्यावर दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, ते गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर जाऊन बसला. वीसपैकी अठराच्या खाली कोणाला द्यायचे नाहीत, हा अलिखित नियम किती शाळांत पाळला जातो हे मी वेगळे सांगायला नको.

यात शिक्षकाला दोष देऊन भागत नाही. त्याची कोंडी समजून घेतली पाहिजे. शेजारची शाळा वीसपैकी वीस देत असताना मी खरे चौदा दिले, तर अकरावीच्या प्रवेशात मागे कोण पडेल? मी नव्हे, माझा विद्यार्थी. प्रामाणिक मी राहायचे आणि दंड त्याने भरायचा! शिवाय शाळेचा निकाल घसरला तर पुढच्या वर्षी पटावरची मुले कमी होतात, मुले कमी झाली की तुकडी जाते आणि तुकडी गेली की कोणाची तरी नोकरी धोक्यात येते. त्यात गाव लहान. ज्याच्या दुकानातून मी महिन्याचे सामान उधारीवर आणतो त्याची मुलगी माझ्या वर्गात. संस्थाचालकांचा नातू दुसऱ्या बाकावर. वीस गुणांसाठी ही स्थिती आहे, तर शंभर गुण हाती आले की काय होईल?

आज बोर्डाच्या परीक्षेत मी संध्याकाळी घरी सांगू शकतो, ‘पेपर कोणाकडे तपासायला गेला हे देवालाही ठाऊक नाही.’ उत्तरपत्रिकेवरचा बारकोड आणि होलोक्राफ्टचे स्टिकर यांच्या आड मुलाचे नाव, गाव, जात, शाळा सारे झाकले जाते. परीक्षकाने तपासलेला पेपर नियामक पाहतो. निकाल पटला नाही तर मुलाला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. शिक्षकाच्या मनातल्या अंदाजाची छायाप्रत कोण काढून देणार? चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या काळात, राजसेवेच्या परीक्षेतील उमेदवाराचे नाव कागद चिकटवून झाकत आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिकांकडून सबंध उत्तराची नक्कल करवून घेत. ओळखीची माणसे न्याय करायला बसली की न्याय वाकतो, हे त्यांना तेव्हा कळले होते.

शंका विचारणारे मूल

सर्वांत मोठे नुकसान मात्र गुणपत्रिकेत दिसणार नाही. ते वर्गात होईल. मूल शिक्षकापुढे चुकते म्हणून शिकते. ‘सर, हे अजून कळलं नाही’ असे म्हणायला त्याला धीर होतो, कारण शेवटचा निवाडा करणारा माणूस दुसराच कोणी आहे हे त्याला माहीत असते. शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला आणि परीक्षा समोरच्या बाजूला, असे आपले नाते आहे. उद्या गुणांची लेखणी माझ्याच खिशात आहे हे कळले, की ते मूल अज्ञान लपवू लागेल. प्रत्येक चाचणी ही दहावी होईल, प्रत्येक तोंडी प्रश्न ही मुलाखत होईल. पालक भेटायला येतील ते ‘कुठे कमी पडतो’ हे विचारायला येणार नाहीत. ‘लक्ष असू द्या’ हे सांगायला येतील. आणि शिक्षकाची घरगुती शिकवणी असेल तर तिचा भाव काय होईल, हे वाचकांच्या कल्पनेवर सोपवतो.

केंद्रीय मंडळाने २०११ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक केली होती आणि शाळेच्या मूल्यमापनावर भर दिला होता. २०१८ मध्ये ती पुन्हा सक्तीची करावी लागली. या अनुभवाकडेही काणाडोळा करून चालणार नाही.

मग आहे ती परीक्षा निर्दोष आहे काय? मुळीच नाही. घोकंपट्टी, केंद्रांवरची कॉपी, क्लासचा बाजार आणि कोवळ्या मुलांच्या जिवावर बेतणारा ताण ही सारी दुखणी खरी आहेत. पण त्यांवर औषधे आहेत. एकाच दिवसावर सारे अवलंबून राहू नये म्हणून नापासांसाठी आपल्याकडे २०१५ पासून जुलैमध्ये फेरपरीक्षा होते. केंद्रीय मंडळाने २०२६ पासून दहावीला वर्षात दोन संधी देण्याचे ठरवले. ही वाट योग्य आहे. प्रश्न असे असावेत की घोकून उत्तर देता येऊ नये. शाळेच्या हातचे गुण गुणपत्रिकेवर वेगळ्या रकान्यात छापावेत, एकूण बेरजेत मिसळू नयेत. म्हणजे लेखी परीक्षेत तीस आणि शाळेकडून वीसपैकी वीस ही विसंगती कोणालाही दिसेल. आणि पुन्हा एखादी साथ आलीच, तर वर्षभरात राज्यभर एकच अशा दोन-तीन छोट्या लेखी चाचण्या घेऊन त्यांचे पेपर दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकांकडून तपासून ठेवावेत. संकटाच्या दिवशी निदान हाताशी काही खरे असेल.

शिक्षकाला मुलाविषयी जे कळते ते मोलाचे असते यात शंका नाही. ते त्याने जरूर लिहावे: हा मुलगा चिकाटीचा आहे, ही मुलगी प्रयोगशाळेत रमते, याला भाषेत मदत लागेल. ते आई-वडिलांना सांगावे, पुढच्या महाविद्यालयाला सांगावे. त्याचा आकडा करायला मात्र त्याला कोणी सांगू नये. ज्याच्याजवळ मूल मोकळेपणाने चुकू शकते असा एक तरी मोठा माणूस त्याच्या शाळेत असायला हवा. आणि तो त्याचा न्यायाधीश असता कामा नये.