रिवायंडिंगच्या दुकानातून समुद्राचा तळ

पाण्यातल्या मोटरीत पाणी शिरू नये म्हणून काय करायचं? गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं की मी हा प्रश्न मुद्दाम टाकतो. कुणी म्हणतं रबर घाला, कुणी म्हणतं एम-सील फासा. उत्तर असं, की मोटरीत आधीच पाणी भरून टाकायचं. बोअरच्या मोटरीत वाइंडिंगच्या तारेला प्लॅस्टिकचं आवरण असतं, आत स्वच्छ पाणी असतं आणि बुडाशी एक रबरी डायफ्रॅम. बाहेरचा दाब वाढला की रबर आत दबतं आणि आतला दाबही तेवढाच होतो. मग बाहेरच्या पाण्याला घुसायला कारणच उरत नाही.

बिद्रीत, कोल्हापूर-गारगोटी रस्त्याला, अठ्ठावीस वर्षं मी मोटरी भरतोय. ऊस पाण्याला आला की दुकानासमोर जळक्या मोटरींची रांग लागते. समुद्र पाहिला तो फोंडा घाट उतरून, मालवणला, दोनदा. पण खोल समुद्रात जाणाऱ्या यंत्रांच्या मोटरीही याच युक्तीनं टिकतात, फक्त पाण्याऐवजी तेल भरतात, हे पोरानं मोबाईलवर दाखवलं तेव्हा चहा हातातच गार झाला.

पोरगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्याखाली फिरणारा, वरून केबलनं चालवायचा छोटा रोबो बनवतो म्हणाला. कॉलेजचं नाव नको, पण तिथं उत्तर मिळालं, ‘आपल्याकडं समुद्र कुठाय? पाचटावर काहीतरी कर.’

समुद्र अमेरिकेतल्या ॲरिझोनातही नाही. तिथल्या फिनिक्स शहरातल्या कार्ल हेडन हायस्कूलच्या चार पोरांनी २००४ साली पीव्हीसी पाइपचा असाच रोबो केला. घरची गरिबी, मेक्सिकोतून आलेली कुटुंबं. खर्च सुमारे ८०० डॉलर. पाइपच्या गमाचा वास मारायचा म्हणून नाव ठेवलं ‘स्टिंकी’. पाण्याखालच्या रोबोंच्या स्पर्धेत उतरायच्या आधी त्याच्या पेटीत पाणी गळायला लागलं, तर पठ्ठ्यांनी दुकानातून टॅम्पॉन आणून आत कोंबले. आणि एमआयटीच्या संघाला हरवून पहिले आले. आमच्या धंद्यात याला जुगाड म्हणून हसतात. मला तरी ती शुद्ध अक्कल वाटते.

आपलं सरकार खोल पाण्यात उतरतंय, ही चांगली गोष्ट आहे. २०२१ साली ४,०७७ कोटींची योजना मंजूर झाली. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी बनवतेय. टायटॅनियमच्या गोळ्यात तीन माणसं ६,००० मीटर खाली जाणार. तिथं अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण ६०० किलोचा भार असतो. तो गोळा माझ्या दुकानात होणार नाही, एवढी समज मला आहे. पण माणसं खाली उतरवणं म्हणजेच समुद्र पाहणं, असं कुणी ठरवलं?

खोल समुद्राच्या तळाचा डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यानं पाहिलेला भाग ०.००१ टक्क्याहूनही कमी आहे, असा हिशेब २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याएवढी जागा. त्यांनी मोजलेल्या बुड्यांपैकी ९७ टक्के अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी या पाच देशांच्या. पाचांच्या जहाजांनी अख्खा तळ कधी बघून व्हायचा? स्वस्त कॅमेरे हवेत, पुष्कळ हवेत, आणि ते बनवणारे, बिघडले तर उघडून दुरुस्त करणारे हात हवेत. असे हात आयटीआयमध्ये बसलेत.

तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, उत्तम आहे. पण हौशी पाणबुड्याला ४० मीटरची मर्यादा. त्याखाली यंत्रच पाठवायला हवं. विजयदुर्गच्या समोर, शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं प्रवाळांचं पठार आहे. त्याच्या उतारावर कॅमेरा सोडायचा तर मालवणचा मच्छीमार होडी देईल, पाण्याची ओढ सांगेल. केबलचा जॉइंट मी देतो. आमच्या धंद्यात निम्म्या मोटरी जळतात त्या जॉइंटनं, आणि तो कसा मारायचा हे पुस्तकातून येत नाही. टेप ओढून, बोटानं हवा काढत, एकावर एक तीन थर द्यावे लागतात. कोचीत, चेन्नईत भारतीय कंपन्या पाण्याखालचे रोबो बनवायलाही लागल्यात, पण ते धरणं आणि बंदरं तपासायला, कंपन्यांच्या खिशाला परवडणारे. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या पोरांना अशी स्वस्त यंत्रं बनवण्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम द्या. परीक्षा विहिरीत घ्या. विहिरी आमच्याकडं हव्या तेवढ्या आहेत.

पोरानं शेवटी रोबो केलाच. पाचटाचा प्रोजेक्ट कॉलेजला दिला आणि हा घरी. पाऊण इंची पाइपची चौकट, बिल्जपंपाच्या तीन मोटरी, काचेच्या बरणीत कॅमेरा. गेल्या महिन्यात भावकीच्या विहिरीत सोडला. तीस फूट पाणी. पडद्यावर आधी गढूळ हिरवं, मग फुटव्हॉल्व्हची जाळी, आणि तिच्याशेजारी पाच वर्षांपूर्वी माझ्याच हातून पडलेला पाइपपाना, शेवाळानं लव आलेला. तेवढ्यात चित्र गेलं. वर काढला तर एका मोटरीच्या डबीत पाणी होतं.

पोरगा सील बदलायला निघाला. म्हटलं, सील राहू दे, डबी उघड. तिच्यात आता ट्रान्स्फॉर्मरचं तेल भरलंय आणि तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधलाय. रविवारी वीज दिवसा आहे. पाना काढायचाय.