ओट्याला सुट्टी, कॅमेऱ्याला काम



सहलीला निघायचं ठरलं की आपली अर्धी सुट्टी तयारीतच संपते. लाडू, मेतकूट, लोणच्याची बरणी, ह्यांची औषधं... आणि मुक्कामाला पोचल्यावर पहिला प्रश्न असतो, "चहा टाकतेस ना?" हॉटेलात निदान ओटा तरी नसतो! पण मागच्या जूनमध्ये आम्ही आठवडाभर राहिलो ते कॉटेजमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याने घेतलेल्या घरात. तेही कुठे, तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या स्काय बेटावर.

लेक-जावई ग्लासगोला असतात. तिथून मोटारीने पाच-सहा तास. १९९५ साली पूल झाल्यापासून बेटावर थेट गाडीने जाता येतं. घर छोटंसं, दगडी, आणि अंगणापुढे आपल्या खाडीसारखा समुद्राचा फाटा. त्याला तिकडे 'लॉक' म्हणतात.

आमच्याकडे कॅमेरा म्हणजे ह्यांचं खातं. मी फोटोत असायची, नाहीतर फोटोबाहेर कुणाचं तरी स्वेटर धरून उभी असायची. ह्या वेळी जावयांनी आपला जुना, लांब भिंगाचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "आई, हा तुमचा." मला हसूच आलं. पण घरमालकीणबाई म्हणाल्या, "पहाटे किनाऱ्यावर बसा, पाणमांजर दिसेल," तेव्हा मात्र हुरूप आला.

स्कायची पाणमांजरं समुद्रात मासे धरतात. पण खाऱ्या पाण्याने अंगावरचे केस चिकटून ऊब जाते, म्हणून ती गोड्या पाण्यात अंग धुवायला येतात. जिथे ओढा समुद्राला मिळतो ती जागा धरायची, हे मला बाईंनी शिकवलं.

पहिल्या दिवशी साडेपाचला जाऊन बसले. जूनमध्ये तिथे साडेचारलाच उजाडतं. तासाभराने पाण्यात एक चपटं डोकं दिसलं. बुडायचं, पुन्हा वर यायचं. मी कॅमेरा उचलला आणि मनात आलं, सात वाजले, ह्यांच्या चहाची वेळ झाली! झटकन उठले. पाणमांजराने एकदा बघितलं आणि ते दिसेनासं झालं. धावतपळत घरी आले, तर सगळे गाढ झोपलेले!

ओट्यापाशी उभी राहिले आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. मला कुणीच बोलावलं नव्हतं. तीस वर्षांच्या सवयीनेच बोलावलं होतं.

रात्री जेवताना सांगून टाकलं, "उद्यापासून सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे नाही." हे थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "नाश्त्याचं काय?" लेक म्हणाली, "बाबा, पोहे भिजवायला असं काय लागतं?"

दुसऱ्या दिवशी घड्याळ घरीच ठेवलं. वारा तोंडावर येईल अशी जागा धरली, कारण पाणमांजराचं नाक तिखट. ते बुडालं की दोन पावलं पुढे जायचं, वर आलं की दगडासारखं थांबायचं. लहान मासा ते पाण्यातच खातं, मोठा मिळाला तर काठावर आणतं. त्या दिवशी मोठा मिळाला. ओल्या शेवाळावर बसून ते कडाकडा चावत होतं आणि मी श्वास धरून बटण दाबत होते.

घरी आले तेव्हा पोह्यांचा गोळा झाला होता आणि चहा कोमट. न बोलता खाल्ले. तुम्हीही न बोलताच खा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ओटा पुन्हा आपल्याच गळ्यात!

पुढचे दिवस भराभर गेले. 'ओल्ड मॅन ऑफ स्टॉर' हा सुमारे पन्नास मीटर उंचीचा सुळका पाहिला. तिथला काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हाचा, आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. एका दुपारी पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड डोक्यावरून गेला. ब्रिटनमधला ह्या जातीचा शेवटचा पक्षी १९१८ साली मारला गेला होता. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून शेजारच्या रम बेटावर सोडली, आणि १९८५ साली पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. दहा वर्षं वाट पाहिली माणसांनी! मग आपण दोन तास बसलो तर काय मोठंसं?

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी:

• कपडे मळखाऊ रंगाचे घ्या. भडक साडी फोटोत शोभते, फोटो काढताना नाही.

• पाऊस कधीही येतो. कॅमेऱ्यावर घालायला प्लास्टिकची पिशवी आणि मऊ सुती फडकं जवळ असू द्या. थंडीतून आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, भिंगावर वाफ धरते. अर्धा तास पिशवीतच राहू द्या.

• वारा पडला की बारीक चिलटं फोडून खातात. जाळीची टोपी घ्याच.

• दुपारचं ऊन फोटोला सपाट. संध्याकाळी दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा डोंगर खुलतात.

• बरेच रस्ते एका वेळी एकच गाडी जाईल एवढे अरुंद आहेत. समोरच्या गाडीला वाट द्यायला ठेवलेल्या जागेत फोटोसाठी गाडी लावू नका.

• गरुडाच्या घरट्याजवळ जाऊ नका. त्याला त्रास देणं तिथे गुन्हा आहे, आणि आई पिल्लांवरून उठली तर पिल्लं गारठतात.

शेवटची सूचना सगळ्यांत महत्त्वाची. कॉटेज ठरवतानाच स्वयंपाकाच्या पाळ्या ठरवा. तिथे गेल्यावर नाही, घरूनच.

पाणमांजराचा तो फोटो आता आमच्या बैठकीत लावलाय. पाहुणे विचारतात, "कोणी काढला?" हे ऐटीत सांगतात, "हिने. आणि त्या दिवशी पोहे मी केले होते!"

तुमच्या सुट्टीत ओटा कोणाकडे असतो? जरूर कळवा हं.