महिला खेळाडूंची लिंगचाचणी: संशय नेहमी आफ्रिका-आशियातल्याच मुलींवर का येतो?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या ६६ किलो गटात इटलीची बॉक्सर अँजेला कारिनी ४६ सेकंदांतच लढत सोडून बाहेर पडली. समोर होती अल्जीरियाची इमान खलीफ. रात्रीपर्यंत खलीफचा फोटो जगभरच्या फोनवर फिरत होता आणि त्याखाली निकालही लागलेला होता: हा पुरुष आहे. तुमच्याही फोनवर तो फोटो आला असेल. कदाचित तुम्ही तो पुढेही पाठवला असेल.

खलीफ ट्रान्सजेंडर नाही. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली आणि तिच्या पासपोर्टवरही स्त्री अशीच नोंद आहे. आदल्या वर्षी दिल्लीत झालेल्या जागतिक स्पर्धेत तिला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने अपात्र ठरवलं होतं. चाचणी नेमकी कोणती, कशी केली, हे त्या वेळी धड सांगितलं गेलं नाही, आणि ऑलिम्पिक समितीने तो निर्णय मनमानी ठरवला. पण फोटो पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी जबडा, खांदे आणि उंची बघून निकाल दिला होता.

पॅरिसमध्ये खलीफ आणि लिन दोघींनीही सुवर्णपदक जिंकलं. खलीफच्या शरीरात नेमकं काय आहे, हा या लेखाचा विषय नाही. ते तुम्हा-आम्हाला ठाऊक असण्याचं काही कारणही नाही. प्रश्न दुसरा आहे. गेल्या वीस वर्षांत ज्या धावपटूंची नावं या वादात चव्हाट्यावर आली, ती आठवून बघा: तमिळनाडूची शांती सौंदरराजन, दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या, ओडिशाची द्युती चंद, युगांडाची अॅनेट नेगेसा, बुरुंडीची फ्रान्सिन नियोन्साबा, केनियाची मार्गारेट वांबुई, नामिबियाची ख्रिस्टीन एमबोमा. या यादीत एकही युरोपीय नाव नाही. हा योगायोग आहे का?

याचं उत्तर दोन भागांत आहे. एक भाग नजरेचा, दुसरा दवाखान्याचा.

नजर कुणाची?

संशयाची ही सवय जुनी आहे, पण त्याचं लक्ष्य बदलत आलं. १९६०च्या दशकात पाश्चात्त्य देशांना सोव्हिएत गोटातल्या पिळदार शरीराच्या मुली खुपत होत्या. १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या पथकासमोर विवस्त्र उभं राहावं लागलं. मग गुणसूत्रांची चाचणी आली. १९८५ मध्ये स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पतिन्यो तिच्यात सापडली, पुढे तिचं नाव फुटलं, आणि तीन वर्षांच्या झगड्यानंतर ती परत आली. म्हणजे गोऱ्या मुलींनीही हे भोगलं आहे.

सगळ्या महिलांची सरसकट चाचणी १९९९ मध्ये बंद झाली. त्यानंतर उरली ती फक्त ‘संशय आल्यास’ होणारी चाचणी. संशय येणार कुणाला? पंचाला, प्रशिक्षकाला, हरलेल्या स्पर्धकाला, प्रेक्षकाला. आणि यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात ‘बाई कशी दिसते’ याचं एक चित्र असतं. ते चित्र बहुतेक वेळा गोऱ्या, सडपातळ, लांब केसांच्या मुलीचं असतं. काळ्या स्त्रीचं शरीर पुरुषी, आडदांड असतं हा समज तर गुलामगिरीच्या काळापासूनचा. जन्माने स्त्री असल्याबद्दल कसलीच शंका नसलेल्या सेरेना आणि व्हीनस विल्यम्सनाही तो चुकला नाही. २०१४ मध्ये रशियन टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी टीव्हीवर त्यांना ‘विल्यम्स बंधू’ म्हटलं होतं. त्यांना २५ हजार डॉलरचा दंड आणि वर्षभराची बंदी झाली.

२०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरच्या तिन्ही पदकांवर सेमेन्या, नियोन्साबा आणि वांबुई होत्या. पाचवी आलेली पोलंडची धावपटू नंतर म्हणाली, की आपण पहिली युरोपीय आणि दुसरी गोरी ठरलो याचा आनंद आहे. शर्यत टेस्टोस्टेरॉनची असेल, तर त्यात कातडीचा रंग मोजायचं काय कारण होतं?

आपण फार वेगळे आहोत असं मानायचं कारण नाही. मुंबई लोकलच्या लेडीज डब्यात चढणाऱ्या उंच, आखूड केसांच्या मुलीला ‘जेन्ट्स डबा पुढे आहे’ हे ऐकावं लागतं. तिथे फक्त तोंड कडू होतं. मैदानात त्याच नजरेने करिअर जातं.

दवाखान्याचा नकाशा

दुसरं कारण कमी बोललं जातं, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

काही मुलं जन्मतात तेव्हा बाहेरून मुलगी दिसतात, पण त्यांची गुणसूत्रं एक्स-वाय असतात आणि पोटात वृषणं असतात. वैद्यकशास्त्रात याला लैंगिक विकासातलं वेगळेपण म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी डीएसडी. वयात येताना पाळी येत नाही, काहींचा आवाज बदलतो, स्नायू भरतात. श्रीमंत देशांत हे बहुधा लवकर कळतं. जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञ तपासतात, लहानपणी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये लक्षात येतं किंवा पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून आई डॉक्टरकडे नेते. अशा मुलांची वृषणं लहानपणीच काढून टाकण्याची प्रथा तिथे अनेक दशकं होती. मुलाला न विचारता केलेल्या या शस्त्रक्रियांवर आज तिथेच टीका होते. पण त्याचा एक परिणाम असा, की त्या देशांतली अशी मुलगी नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन घेऊन ट्रॅकवर सहसा येतच नाही.

ओडिशातल्या किंवा लिंपोपोतल्या खेड्यात सुईण ‘मुलगी झाली’ म्हणते आणि विषय संपतो. पाळी आली नाही तर ‘खेळते ना, म्हणून’ असं उत्तर मिळतं, आणि खेळणाऱ्या मुलींची पाळी खरोखरच लांबते, त्यामुळे ते पटतंही. मग अठराव्या वर्षी ती राष्ट्रीय विक्रम मोडते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची नीट तपासणी होते. ती करतो क्रीडा महासंघ, आणि तिला बरं वाटावं हा त्यामागचा हेतू नसतो.

पुढे काय होऊ शकतं, याचा एक पुरावा वैद्यकीय नियतकालिकातच छापला आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये विकसनशील देशांच्या ग्रामीण, डोंगराळ भागांतून आलेल्या १८ ते २१ वर्षांच्या चार खेळाडूंवर केलेल्या उपचारांची माहिती दिली. वृषणं तशीच ठेवली तरी आरोग्याला धोका नव्हता, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. तरीही खेळता यावं म्हणून ती काढली आणि जननेंद्रियावरही शस्त्रक्रिया केली, जिचा धावण्याशी काही संबंध नव्हता. चौघींची नावं छापलेली नाहीत.

मग फायदा मिळतच नाही का?

मिळतच नाही, असं म्हणणं अप्रामाणिक ठरेल. अव्वल धावण्यात पुरुष आणि स्त्रियांच्या वेळांत साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो. त्यामागचं मुख्य कारण वयात आल्यानंतरचं टेस्टोस्टेरॉन आहे, आणि म्हणूनच महिलांचा वेगळा गट आहे. शतांश सेकंदाने पदक हुकलेल्या मुलीने ‘मला न्याय कुठे?’ असं विचारलं, तर तिला वंशवादी म्हणून गप्प करता येणार नाही.

पण फायदा किती, यावर नियम उभा राहतो, आणि तिथेच गडबड आहे. द्युती चंद २०१४ मध्ये तैपेईच्या आशियाई ज्युनियर स्पर्धेत दोन सुवर्णपदकं जिंकून आली आणि ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या काही दिवस आधी संघातून वगळली गेली. विणकराच्या घरातली ही १८ वर्षांची मुलगी थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेली. २०१५ मध्ये लवादाने नियम स्थगित केला, कारण फायदा पुरुष-स्त्री फरकाच्या जवळपास जातो, हे आंतरराष्ट्रीय महासंघाला दाखवता आलं नाही. (२०२३ मध्ये द्युतीवर प्रतिबंधित औषधांमुळे चार वर्षांची बंदी आली. ते प्रकरण पूर्ण वेगळं आहे, दोन्हींची खिचडी करू नका.)

मग महासंघाच्या शास्त्रज्ञांनी नवा अभ्यास केला. त्यात जास्त टेस्टोस्टेरॉनचा सर्वांत मोठा संबंध दिसला हातोडाफेकीत, साडेचार टक्के. त्याखालोखाल पोल व्हॉल्टमध्ये, जवळजवळ तीन टक्के. २०१८ मध्ये नियम आला तो मात्र ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता. हातोडाफेक आणि पोल व्हॉल्ट वगळले गेले. सेमेन्याची ८०० मीटर बरोबर मध्ये सापडली. २०१९ मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने नियम कायम ठेवला, आणि तो भेदभाव करणारा आहे पण आवश्यक आहे, असं म्हटलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी दुरुस्ती छापली: या अभ्यासातून कार्यकारणाचा निष्कर्ष काढता येत नाही. तोवर सेमेन्याची आवडती शर्यत गेली होती.

आता सगळ्यांचीच चाचणी

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने नवा नियम लावला. जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा एसआरवाय या जनुकाची चाचणी द्यायची. कोरोनात नाकात घालायचे तसा स्वॅब, फक्त गालाच्या आतून, किंवा रक्त. त्या महिन्यातली टोकियोची जागतिक स्पर्धा याच नियमाने झाली.

यातली एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळ्यांची चाचणी असेल तर ‘ही पुरुषी दिसते’ म्हणून कुणाला वेगळं काढायची गरज उरत नाही. नजरेचा प्रश्न बराचसा सुटतो. दवाखान्याचा सुटत नाही. स्वॅब सगळ्यांचा घेतला, तरी निकाल ऐकून पायाखालची जमीन सरकणार आहे ती आधी कधीच तपासणी न झालेल्या मुलीच्या.

शिवाय ही चाचणी नवी नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ महिलांची अशीच जनुकीय चाचणी झाली. आठ जणींची ‘पॉझिटिव्ह’ आली. तपासाअंती आठही जणींना खेळू दिलं. तीन वर्षांनी चाचणीच बंद झाली. जनुक असणं म्हणजे शरीराने टेस्टोस्टेरॉन वापरलंच असं नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. टेस्टोस्टेरॉनला शरीर अजिबात दाद देत नाही अशा खेळाडूंना नव्या नियमातही सूट आहे, पण ती सिद्ध करायला पुढच्या तपासण्या आल्या. १९९० मध्ये हे जनुक शोधणारे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर यांनीही ही चाचणी जैविक लिंग ठरवायला अपुरी असल्याचं जाहीरपणे म्हटलं आहे.

गुप्त राहील?

निकाल गोपनीय राहील असं प्रत्येक नियमात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्यपदक जिंकलेल्या शांतीचा निकाल टीव्हीवर पोचला. २००९ मध्ये बर्लिनला अंतिम शर्यतीच्या काही तास आधी महासंघानेच सेमेन्याच्या चाचणीला दुजोरा दिला, तेव्हा तीही १८ वर्षांची होती. २०२१ मध्ये नामिबियाच्या दोन मुलींची नावं त्यांच्याच ऑलिम्पिक समितीने जाहीर केली. आणि धावपटू पिंकी प्रामाणिकचं उदाहरण तर मैदानाबाहेरचं. २०१२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एका फौजदारी तक्रारीत अटक झाल्यावर तिच्या शारीरिक तपासणीचा व्हिडिओ मोबाइलवरून फिरला. दोन वर्षांनी कलकत्ता उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. व्हिडिओ परत घेता येत नाही.

नाव फोडायची गरजही पडत नाही. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी अचानक संघाच्या यादीत दिसली नाही, तर सगळ्या गावाला कारण कळतं. लग्नाचा प्रश्न येतो, नोकरीचा येतो.

फ्रान्समध्ये वैद्यकीय गरजेशिवाय अशी जनुकीय चाचणी करायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे फ्रेंच खेळाडूंच्या चाचण्या देशाबाहेर कराव्या लागल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीसाठी वेगळा वर्ग ठेवलेला नाही. तुमचं जनुक आणि तुमचा ईमेल पत्ता एकाच पंगतीत.

सेमेन्या लवादाच्या निकालाविरुद्ध पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली. १० जुलै २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च पीठाने स्वित्झर्लंडच्या न्यायालयात तिची बाजू नीट ऐकली गेली नाही, असं म्हटलं. खासगी आयुष्याचा आणि भेदभावाचा मुद्दा मात्र या पीठाने तपासलाच नाही, कारण त्या मुद्द्यांपुरती ती स्वित्झर्लंडच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. ती राहते दक्षिण आफ्रिकेत, महासंघ आहे मोनॅकोत आणि लवाद लोझानमध्ये.