चिंतन, पण स्वतःचं

आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवर सकाळी ‘चिंतन’ लागतं आणि इकडे ओट्यावर चहा उकळत असतो. बोलणारे बहुधा प्राध्यापक नाहीतर कीर्तनकार. भाषा घोटीव, ज्ञानोबा-तुकोबांचे दाखले चोख; पण या गृहस्थांनी स्वतः कधी काय पणाला लावलं, याचा पत्ता लागत नाही. अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेल्या, पत्रकार एडवर्ड मरो यांच्या ‘धिस आय बिलीव्ह’ या रेडिओ कार्यक्रमात पाचेक मिनिटांत स्वतः काय मानता एवढंच सांगायचं असे. हेलन केलर त्यात होत्या, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन होता, आणि ज्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं असेही पुष्कळ होते. (मला कुतूहल या शेवटच्यांचंच.) आपल्या नाशिक केंद्रानं एकदा लासलगावच्या एखाद्या कांदावाल्या शेतकऱ्याला बोलवावं आणि विचारावं: ट्रॉलीत वर निवडक माल आणि खाली कांदाचाळीत नरमलेला, ही युक्ती ठाऊक असून तो ती का करत नाही? लिलावात भाव पडलेला असतो, घरी सोसायटीचं कर्ज असतं, तेव्हाही का नाही? तो अडखळेल, मध्येच खोकेल. ते कापू नये.