काढा उकळा, पण आधी वरण शिजवा

पावसाळा ओसरू लागला की सिल्लोड तालुक्यात गावोगावी म्हातारी माणसे तापाने अंथरूण धरतात. कुणाला डेंगी, कुणाला चिकुनगुन्या, कुणाला फ्लू. घरचा इलाज मात्र ठरलेला : पपईच्या पानांचा रस, सुंठ-तुळशीचा काढा आणि ऐपत असेल तर शहरातून मागवलेली किवी. चार किवींच्या पैशांत किलोभर तूरडाळ येते, हे त्या धावपळीत कुणाला आठवत नाही.

काढ्याने घशाला बरे वाटते. विषाणू मरत नाही. कोणतेही फळ, पाला वा मसाला तापाच्या विषाणूला हटवत असल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही आहाराचा आणि आजाराचा संबंध आहे. करोनाकाळात ब्रिटन व अमेरिकेतील सुमारे 5 लाख 92 हजार लोकांच्या आहाराची पाहणी झाली. भाज्या, फळे, कडधान्ये आणि अख्खी धान्ये भरपूर खाणाऱ्यांत गंभीर करोनाचा धोका 41 टक्क्यांनी कमी आढळला. ही केवळ पाहणी होती, त्यामुळे आहारानेच बचाव झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्या पाहणीत आहाराला गुण देणाऱ्या मोजपट्टीत मैदा, साखर आणि गोड पेये हे वनस्पतीजन्य पदार्थ असूनही त्यांना उणे गुण होते, हे विसरू नये.

आपली गोम नेमकी इथे आहे. आमच्या खेड्यांतले बहुतेक वृद्ध रोज शाकाहारच करतात; काही श्रद्धेने, पुष्कळसे नाइलाजाने. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकरी आणि मिरचीचा ठेचा, रात्री पुन्हा चहात बुडवलेली पोळी. दात नाहीत म्हणून कच्ची कोशिंबीर नको, गॅस होतो म्हणून हरभरा नको. त्यात एकादशी, चतुर्थी, सोमवार. आणि उपवासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या आजीला सुमारे 42 ग्रॅम. ज्वारीच्या दोन भाकरींतून जेमतेम 15 ग्रॅम मिळतात. उरलेली कुठून यायची?

वृद्धांसाठी प्रथिनांची गरज याहून जास्त असावी, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. तापात भूक मरते, माणूस आठवडाभर पडून राहतो आणि स्नायू झपाट्याने झिजतात. ताप उतरतो, पण पाय उभे राहू देत नाहीत. मग पडणे, हाड मोडणे, पुन्हा अंथरूण. 2006 साली देशात चिकुनगुन्याचे सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्या साथीतली सांधेदुखी अनेकांनी महिनोन् महिने सोसली. अशा वेळी अंगात शिल्लक असलेली ताकदच कामी येते, आणि ती ताप येण्याआधी साठवावी लागते.

शिवाय नुसत्या वनस्पतीजन्य आहारातून ब-12 जीवनसत्त्व मिळत नाही. शाकाहारी भारतीयांतील त्याची कमतरता पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिली आहे. म्हणून दूध-दही हवेच. चालत असेल त्यांनी अंडे खावे, उरलेल्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी सल्ला घ्यावा.

पण उपदेशाने ताट भरत नाही. मुले वाळूजला किंवा पुण्याला, घरी दोन म्हातारी माणसे आणि श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मोफत मिळते, ते गहू आणि तांदूळ. डाळ आली ती सरकारचा ‘आनंदाचा शिधा’ निघाला तेव्हा, सणापुरती. तमिळनाडूत रेशन दुकानातून तूरडाळ 30 रुपये किलोने वर्षानुवर्षे मिळते. महाराष्ट्राला ते का जमू नये? इथले शेतही ताटापासून दूर गेले आहे. सिल्लोडची मिरची परराज्यांत जाते, मका कोंबडीखाद्याला, स्टार्चला आणि इथेनॉलला. त्यांच्यापुढे मूग, उडीद, मटकीचे पट्टे आक्रसले.

म्हणून शासनाने साठीपुढच्या रेशनकार्डधारकांना दरमहा दोन किलो डाळ द्यावी. आशाताईंच्या भेटीत वृद्धांचे वजन घेण्याची आणि घटले तर उपजिल्हा रुग्णालयात पाठवण्याची सोय करावी. राष्ट्रीय लसीकरणात नसलेली फ्लूची लस ज्येष्ठांना मोफत द्यावी. आहार लसीची जागा घेत नाही. एवढे सरकारचे काम. घरातल्या कर्त्यांचे काम त्याहून सोपे आहे : उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दाणे आणि ताक, रोज वाटीभर घट्ट वरण किंवा मऊ शिजवलेली मोडाची उसळ, जोडीला एखादा पेरू, आवळा किंवा केळे. आई-वडिलांच्या ताटात वरण किती आणि चहा किती, हे त्यांनी आज रात्रीच बघावे.