शुक्राची चांदणी म्हणणं चूक आहे का?

चौथीच्या वर्गात सूर्यमालेचा पाठ चालू होता. मी विचारलं, "संध्याकाळी पश्चिमेला सगळ्यात ठळक काय दिसतं?" एक मुलगी पटकन म्हणाली, "शुक्राची चांदणी!" मीही तेवढ्याच पटकन म्हणालो, "चूक. तो ग्रह आहे." ती गप्प बसली. शाळा सुटताना हळूच म्हणाली, "गुरुजी, आमची आजी तर चांदणीच म्हणती."

घरी जाताना वाटलं, चूक माझीच झाली. शुक्र हा ग्रह आहे, हे खरंच. त्याला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्याभोवतीचे दाट ढग सूर्याचा प्रकाश परत फेकतात म्हणून तो एवढा झळकतो. पण 'शुक्र' या संस्कृत शब्दाचा अर्थच तेजस्वी, शुभ्र असा आहे. म्हणजे ज्यांनी हे नाव दिलं, त्यांनी आधी आकाश नीट पाहिलं होतं. आमच्या तासगाव भागात घरोघरी घड्याळं नव्हती, तेव्हा चांदणी उगवली की उठायचं, असा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "आजीला विचारून ये, चांदणी कधी कधी दिसते?" उत्तर आलं, "कधी सांजेला, कधी पहाटं. मध्यरात्री कधीच नाही." त्या एका उत्तरावर माझा सगळा तास झाला. मध्यरात्री का नाही? कारण शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहे. आपल्याला तो सूर्यापासून साधारण 47 अंशांपेक्षा लांब गेलेला दिसूच शकत नाही. म्हणून सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा सूर्य उगवण्याआधी पूर्वेला, एवढंच त्याचं दर्शन. प्राचीन ग्रीकांनी तर या दोन वेळच्या शुक्राला दोन वेगळी नावं दिली होती. आजीला मात्र दोन्ही वेळची चांदणी एकच, हे पक्कं माहीत होतं.

शिक्षक मित्रांनो, मला वाटतं, मुलांच्या घरातला शब्द आपण खोडू नये. 'चांदणी' हे तिचं घरचं नाव, 'ग्रह' ही तिची शास्त्रातली ओळख. दोन्ही वहीत लिहू द्या. मग शुक्र संध्याकाळी दिसत असेल, तेव्हा मुलांना महिनाभर एकाच जागेवरून, एकाच वेळी तो बघायला सांगा. समोरच्या झाडाच्या किंवा टाकीच्या आधाराने रोजची जागा वहीत काढू द्या. जागा सरकताना दिसली, की ग्रह म्हणजे काय ते पाठ करून घ्यावं लागणार नाही.

आणि 'चूक' म्हणण्याआधी एकदा विचारा, "हे तुला कुणी सांगितलं?"